मॅनहोलमध्ये तुझ्याआधी मीटर उतरव

अरे, ड्युटीवर आलास की गॅस डिटेक्टर, म्हणजे हवेतले गॅस मोजणारं मीटर, मोकळ्या हवेत चालू कर. गाडीच्या धुराजवळ नको, शून्यच चुकीचं धरलं जाईल. ऑक्सिजन 20.9 टक्के दिसला पाहिजे. मग टेस्ट गॅस देऊन अलार्म वाजतो का बघ. हे रोज.

मुंबईत पावसाळ्याआधी गटारसफाई सुरू झाली की मॅनहोलचे कॉल येतात. तिथे मीटरची हवा ओढणारी नळी वर, मध्ये, तळाशी सोड आणि प्रत्येक ठिकाणी थांब. हवा नळीतून मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस क्षणात चढतो. नाकावर अजिबात विसंबू नकोस. 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास सडक्या अंड्यांचा वास येईनासाच होतो, गॅस मात्र तिथेच असतो. आत पडलेल्याला काढायला धावलेला दुसराही असाच जातो, फार जीव तुटतो रे.

आधी ऑक्सिजन वाच. तो फार कमी असला तर नेहमीच्या सेन्सरवर ज्वलनशील गॅसचा आकडाही खोटा कमी दिसतो, कारण त्या सेन्सरला गॅस जाळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर बीए सेटशिवाय (पाठीवरच्या सिलिंडरातून श्वास देणारं उपकरण) पाऊल नाही.

घरातली गळती असेल तर पाइपचा गॅस छताकडे शोध, सिलिंडरचा जमिनीलगत.