नव्या डोंगराळ भागात कॅनू आणि सोबती

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे डोंगराळ भागात आलात, स्वतःची उघडी कॅनू आहे, दुसऱ्या श्रेणीचं, म्हणजे तसं सोपं, पाणी अंगवळणी पडलंय, पण इथे कुठल्या नदीत उतरायचं आणि कुणासोबत, हे कळत नाही. माझं मत विचाराल तर नकाशे बाजूला ठेवा. आधी माणसं गाठा, नद्या तेच दाखवतील.

क्लब असेल तर हिवाळ्यात तो बहुधा तरणतलावात रोलचा, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करण्याचा, सराव घेतो, तिथे जा. राफ्टिंगचे गाइड सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कयाक (वरून बंद असलेल्या छोट्या बोटी) घेऊन निघतात, त्यांच्याशी बोला. जवळच्या धरणातून ठरलेल्या दिवशी विसर्ग होत असेल तर त्या दिवशी खालच्या पात्रावर सगळी मंडळी आयतीच सापडतात. पण ओळखीसाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे नदीबचावाचा कोर्स. गार पाण्यात एकमेकांना दोरीनं ओढून काढलं की 'एकदा जाऊ या कधीतरी' असलं मोघम बोलणं उरतच नाही.

गाडी चालवायची तयारी ठेवा. नदी एकाच दिशेनं वाहते, त्यामुळे खालच्या टोकाला गाडी लागतेच, आणि शटल, म्हणजे गाडीनं ने-आण, करणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. पहिल्यांदा बोट न नेता नुसतं शटल केलंत तरी चालेल. काठावरून पाहा: वळणापलीकडचं दिसत नसेल तर उतरून बघून येतात का? थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोरीची पिशवी) हाताशी आहे की डिकीत राहिलीय? सगळ्यात मागे अनुभवी माणूस आहे का? थट्टामस्करी कितीही चालो, या तीन गोष्टी जमत नसतील तर मी त्या गटासोबत उतरत नाही.

कॅनूवाले कमी आणि कयाकवालेच जास्त भेटतील. बिघडत नाही. फक्त आधीच सांगून ठेवा की उघड्या बोटीत पाणी भरतं, ते उपसायला मधे थांबावं लागेल. एअरबॅग, म्हणजे बोट तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या, नसतील तर आधी त्या बसवा.

श्रेणी 1 ते 6 सगळीकडे त्याच असल्या तरी आकड्यावर विसंबू नका. तुमची जुनी नदी रॅपिड (खळाळतं वेगवान पाणी), मग डोह, मग रॅपिड अशी असेल, तर उलटल्यावर डोहात सगळं गोळा करता येत होतं. डोंगरातल्या तीव्र उताराच्या नदीत अनेकदा डोहच नसतो. माणूस काठाला लागतो आणि बोट पुढे जातच राहते. म्हणून सुरुवातीला एक श्रेणी खालीच राहा. वितळत्या बर्फाची नदी असेल तर सकाळी पाणी कमी असतं आणि दुपारनंतर चढतं, तेव्हा लवकर उतरून लवकर बाहेर पडा. पातळीपट्टीवरचा आकडा एकट्यानं काहीच सांगत नाही, कितीला खडक लागतात आणि कितीला घरी बसायचं हे तिथल्याच माणसाला विचारा. पात्रात आडवी पडलेली झाडं आणि बुटके बंधारे यांच्याबाबत मात्र चर्चा नको, बोट उचलून काठानं चालत जा. बंधारा वरून नुसती सरळ रेघ दिसतो, खालचं पाणी मात्र माणसाला परत परत आत ओढतं.

पहिला मेसेज टाकाल तेव्हा बोट कुठली, श्रेणी कुठली, रोल येतो की नाही, बचावाचं शिक्षण झालंय का आणि गाडी आहे का, एवढं लिहा. रोल येत नसेल तर तसंच लिहा.