टॉर्चमधील एलईडी बदलताना नवशिक्याने कोणती छटा निवडावी?

रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी देताना वापरायच्या टॉर्चमधील निळसर एलईडी बदलून कोणता बसवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ४००० ते ५००० केल्विनचा आणि ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचा एलईडी घ्यावा. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर; सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचे शंभरपैकी माप. स्वस्त टॉर्चमध्ये बहुधा ६५०० केल्विनच्या आसपासचा, कमी सीआरआयचा एलईडी असतो. त्याचा झोत प्रखर भासतो, परंतु त्यात तांबूस व तपकिरी रंग फिके पडत असल्याने आपल्या मराठवाड्याच्या काळ्या रानात वाळलेला पाला कोणता आणि घोणस कोणती, हे डोळ्यांना चटकन कळत नाही, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. जास्त सीआरआयसाठी थोडा उजेड गमवावा लागतो. तो खुशाल गमवावा.

केल्विन तोच असूनही एक एलईडी हिरवट, तर दुसरा गुलाबीसर दिसू शकतो. खरी छटा ती हीच. अंधाऱ्या खोलीत वसमतचे हळकुंड आणि स्वतःचा तळहात झोतात धरून पाहा. तळहात निस्तेज, हिरवट दिसला, तर तो एलईडी परत करा.

जुन्याइतक्याच व्होल्टेजचा आणि त्याच व्यासाच्या तांब्याच्या चकतीवर आधीच बसवलेला एलईडी मागवलात, तर केवळ दोन तारांना डाग द्यावे (सोल्डर करावे) लागतात. सेल आधी काढा, धन-ऋण टोके तपासा, चकतीखाली थर्मल पेस्टचा (उष्णता वाहून नेणाऱ्या मलमाचा) पातळ थर द्या आणि रिफ्लेक्टरचा धातू त्या डागांना टेकत नाही, याची खात्री करूनच झाकण आवळा.