आमच्या वकिलांना पोलिसांची नोटीस आली, आता ते केस सोडतो म्हणतात. राजकीय दबावाखाली वकिलावर अशी कारवाई होऊ शकते का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की जमिनीचा दावा आहे, समोर सत्तेतला माणूस आहे, आणि दाव्याची कागदपत्रं कशी तयार केली हे विचारायला ठाण्यातून नोटीस आली ती तुमच्या वकिलांनाच. आता वकीलसाहेब म्हणतात, दुसरा वकील बघा. तुम्हाला त्यांचा राग आलाय, तो समजतो. मी मराठवाड्यातल्याच एका तालुका कोर्टात बावीस वर्षं वकिली करतोय. नोटिशीवर नाव त्यांचं असलं तरी नेम तुमच्यावर आहे. वकील बाजूला झाला की पक्षकार आपसूक तडजोडीला येतो, हे नोटीस काढायला लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आधी कायद्याचं सांगतो. पक्षकार वकिलाशी जे बोलतो ते पक्षकाराच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते १३२ झालं. बोलणंच बेकायदा हेतूने झालं असेल, किंवा काम हाती घेतल्यानंतर गुन्हा वा फसवणूक झालेली वकिलाच्या नजरेस आली असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. २०२५ मध्ये गुजरातेत पोलिसांनी एका वकिलाला त्याच्याच पक्षकाराच्या प्रकरणात बोलावलं. त्याच सुमारास ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना समन्स काढलं आणि देशभरातल्या वकील संघटना उठल्यावर मागे घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला: पक्षकाराच्या प्रकरणाची माहिती काढायला तपास अधिकाऱ्याने वकिलाला बोलवायचं नाही. कलम १३२ च्या अपवादात बसतं असं वाटत असेल तर ते कसं बसतं हे समन्समध्येच लिहायचं, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी आधी घ्यायची.

तुमच्या कामाची गोष्ट याच निकालात आहे. असं समन्स भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात वकिलाला जसं आव्हान देता येतं, तसंच पक्षकारालाही देता येतं. म्हणजे वकीलसाहेब घाबरून बसले तरी तुम्ही स्वतः औरंगाबाद खंडपीठात जाऊ शकता.

पण कलमं माहीत असूनही माणूस घाबरतो. मी घाबरलो होतो.

२०११ साली गायरानावर राहणाऱ्या बारा कुटुंबांचं वकीलपत्र मी घेतलं होतं. मनाई हुकूम मागितला. समोर तालुक्यात ज्याच्याशिवाय पानही हलत नाही असा माणूस. दोनच आठवड्यांत माझ्याविरुद्ध अर्ज आला की वकीलपत्रावरचे अंगठे खोटे आहेत. ठाण्यातून फोन आला, गेलो. सकाळी अकराला बाकावर बसवलं, संध्याकाळी पाचपर्यंत कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात एक ओळखीचा माणूस चहा घेऊन आला, इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, "वकीलसाहेब, लेकरं कोणत्या शाळेला असतात आता?" एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. तक्रार करायची तर लिहिणार काय?

मी बार रूममध्ये येऊन बसलो. वकीलपत्र मागे घेण्याचा अर्ज अर्धा लिहून झाला होता. आमच्या बारमधले एक वयस्कर वकील होते, हैदराबाद संस्थानच्या काळात वाढलेले, वकीलपत्राला शेवटपर्यंत वकालतनामाच म्हणायचे. त्यांनी तो अर्ज वाचला आणि विचारलं, "घाबरायलास का?" मी हो म्हणालो. त्यांनी फाइलमधून कोरं वकीलपत्र काढलं, वर माझं नाव लिहायला लावलं, खाली स्वतःची सही केली, सनदेचा नंबर टाकला आणि कागद शेजारच्या टेबलावर सरकवला. पक्षकारांचे अंगठे दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसमोर घेतले. तोवर त्या एका कागदावर नऊ सह्या झाल्या होत्या. जागा उरली नाही म्हणून शेवटच्या दोन सह्या समासात उभ्या केल्या. पुढच्या तारखेला पुकारा झाला तेव्हा आम्ही नऊजण उभे राहिलो. न्यायाधीशसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता रोजनाम्यात नावं घेतली. त्यानंतर ठाण्यातून फोन आला नाही. बारापैकी सात कुटुंबं आजही तिथे राहतात.

याच वयस्कर वकिलांकडून मी ऐकलं की १९४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून संस्थानातल्या वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला होता आणि पंडित विनायकराव विद्यालंकार त्यात पुढे होते. आणीबाणीचीही गोष्ट तेच सांगायचे. राम जेठमलानी तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. इंदिरा गांधींवर टीका केली म्हणून केरळातून त्यांच्या अटकेचं वॉरंट निघालं. मुंबई उच्च न्यायालयात नानी पालखीवालांसह तीनशेहून जास्त वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि अटकेला स्थगिती मिळाली. पुढे एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच जबलपूर प्रकरणात, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं सांगून, नागरिकांचे हात बांधले, फक्त न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळं बोलले, आणि जेठमलानींना देश सोडून जावं लागलं. म्हणजे तीनशे वकीलही दरवेळी पुरतात असं नाही. तरी ते उभे राहिले नसते तर ती स्थगितीसुद्धा मिळाली नसती.

आजही हे सगळीकडे चालू आहे. रशियात विरोधी नेते नवाल्नी यांचं वकीलपत्र घेतलेल्या तिघांना जानेवारी २०२५ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी आपल्या विरोधकांची कामं केलेल्या वकिली फर्मविरुद्ध एकामागून एक आदेश काढले. काही बड्या फर्मनी कोट्यवधी डॉलरचं फुकट काम द्यायचं कबूल करून सुटका करून घेतली. पर्किन्स कुई ही फर्म मात्र कोर्टात गेली. तिच्या बाजूने पाचशेहून अधिक फर्मनी सह्या केल्या आणि मे महिन्यात न्यायाधीशांनी तो आदेश रद्द केला.

एक गोष्ट मात्र मला लिहिलीच पाहिजे. दबाव नेहमी बाहेरून येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक अतिशय वाईट गुन्हा घडला, लोक रस्त्यावर आले, आणि आमच्या वकील संघाने ठराव केला की आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. मी हात वर केला. तेव्हा ते न्यायाचं वाटलं. सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि वकिलीच्या नीतीविरुद्ध आहेत असं डिसेंबर २०१० मध्येच, मोहम्मद रफी प्रकरणात, सांगून ठेवलं होतं. घटनेच्या कलम २२ नुसार अटकेतल्या माणसाला आपल्या पसंतीचा वकील मिळतो, त्यात गुन्हा किती घाणेरडा हे विचारलेलं नाही. वकील आणि त्याचा पक्षकार एकच, असं आम्हीच एकदा लोकांना शिकवलं की मग पुढारीही तेच म्हणतो. कसाबचं वकीलपत्र कोर्टाने नेमून दिलं म्हणून २००९ मध्ये अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव गेला होता. २६/११ च्याच खटल्यात फहीम अन्सारीची बाजू मांडणारे शाहिद आझमी ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या स्वतःच्या ऑफिसात गोळ्या लागून गेले. फहीम अन्सारी पुढे निर्दोष सुटला. तो ठराव मला आजही टोचतो.

आता तुमचं. वकील बदलू नका, वाढवा. तुमच्या वकीलसाहेबांना म्हणा, तुम्ही राहा, सोबत आणखी दोन-तीन वकील घेऊ. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता तिथे मोफत वकील मिळतो, त्यामुळे दाव्यात तुमच्या आईचं नाव असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने करा. वकीलसाहेबांनी ठाण्यात एकटं जाऊ नये, उत्तर लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. वकील संघाच्या अध्यक्षांनाही प्रत द्यावी. तरी त्यांना सोडायचंच असेल तर वाटेल तेव्हा सोडता येत नाही. सबळ कारण आणि तुम्हाला पुरेशी आगाऊ सूचना लागते, न केलेल्या कामाची फी परत करावी लागते, आणि पूर्ण फाइल तुमच्या हातात आली पाहिजे.

त्या नोटिशीत कोणतं कलम घातलंय आणि अधीक्षकांच्या मंजुरीचा उल्लेख आहे का, तेवढं खाली लिहा. नावं लिहू नका. पुढची तारीख कधी आहे तेही सांगा.