सर्व्हर राहू द्या, आधी तो लिफाफा वाचा

प्रश्न : मी इंदिरानगर, नाशिक येथे राहतो. अंबडला नोकरी करतो. घरचे फोटो आणि कागदपत्रं ठेवायला गूगलला 2 टीबीचे वर्षाला 6,500 रुपये देतो. त्याऐवजी घरीच छोटा सर्व्हर, म्हणजे फाइली साठवणारा कायम चालू संगणक, बसवायचा विचार आहे. मिनी पीसी, 4 टीबीच्या दोन डिस्क आणि यूपीएस मिळून 58,000 खर्च येईल. चार नातेवाइकांना महिना दोनशे रुपयांनी जागा दिली तर पैसे लवकर वसूल होतील. पैशांची सोय आहे. आईची 6 लाखांची एफडी नुकतीच संपली. त्यातले 5 लाख बँकेने 'विम्यासह जास्त व्याजाच्या एफडी'त टाकून दिले, 1 लाख खात्यात आहेत. आईला महिना 19,000 फॅमिली पेन्शन आहे. कसले कागद ठेवायचे हे कळावं म्हणून त्याच एफडीचं स्कॅन नमुन्याला जोडलं आहे. सर्व्हर घ्यावा का?

उत्तर : नमुना जोडलात ते फार बरं झालं. स्कॅन स्वच्छ आहे, कडेला तुमच्या अंगठ्याची सावली तेवढी आली आहे. त्या सावलीच्या वर एक तक्ता आहे, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. हप्ता : 5,00,000. भरणा : वार्षिक. हप्ते भरण्याची मुदत : 10 वर्षे.

ही एफडी नाही. ही विमा पॉलिसी आहे आणि तुमच्या 67 वर्षांच्या आईंनी दहा वर्षं दरसाल 5 लाख भरायचं कबूल केलं आहे. एकूण 50 लाख. पेन्शन वर्षाची सव्वादोन लाख! खाली उत्पन्नाच्या रकान्यात 12 लाख लिहिलंय. ते कोणी लिहिलं? अर्ज सगळा इंग्रजीत आणि तळाशी आईंची मराठीत सही, एवढ्यावरून मला टेबलापलीकडचं दृश्य दिसतं. एफडी संपली की ज्येष्ठ माणसाला खुर्ची द्यायची, चहा मागवायचा आणि 'तीच एफडी, फक्त जास्त व्याज' म्हणत फुल्या मारलेल्या जागी सह्या घ्यायच्या. महिन्यातून एखादं तरी असं पत्र मला येतं. बहुतेकांना हे कळतं दुसऱ्या वर्षी, हप्त्याची आठवण करणारा मेसेज आल्यावर.

तुम्ही सुदैवी आहात, कारण पॉलिसी ताजी आहे. कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च एवढं कापून बाकी रक्कम परत मिळते, म्हणजे जवळपास पूर्ण 5 लाख. मात्र दिवस नीट मोजा. टपालाचा लिफाफा गेल्या आठवड्यात आला असेल, पण पॉलिसी त्याआधीच ईमेलवर आली असेल तर मोजणी तिथूनच धरली जाऊ शकते. आईंचा ईमेल तुम्हीच उघडून दिला असणार, आज रात्री तपासा.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेकडे नाही. आईंच्या सहीचं पत्र द्या. 'एफडी म्हणून सांगितलं, दरवर्षी हप्ता आहे हे सांगितलं नाही, उत्पन्न खोटं लिहिलं' हे त्यात सरळ लिहा. मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. ईमेलही करा आणि कंपनीच्या नाशिकच्या शाखेत हातोहात देऊन शिक्का मारलेली पोहोच घ्या. बँकेतले साहेब 'महिनाअखेरपर्यंत थांबा, मी बघतो' म्हणतील. थांबू नका, महिनाअखेर त्यांच्या टार्गेटची असते. 'सगळं समजलं का?' असा विमा कंपनीचा फोन आला असेल आणि शिकवल्याप्रमाणे आईंनी 'हो' म्हटलं असेल, तरी हा हक्क जात नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार, तिथेही नाही झालं तर विमा लोकपाल. नाशिककरांसाठी पुण्याचं कार्यालय आहे.

मुदत हुकली तर? ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांमुळे नव्या पॉलिसीत एक हप्ता भरून सोडलं तरी सगळं बुडत नाही. पण जे परत येतं ते बघून आईंना झोप लागणार नाही.

पैसे परत आले की टपाल कार्यालयातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. सध्या 8.2 टक्के, पाच वर्षं, दर तिमाहीला 10,250 रुपये आईंच्या खात्यात. यात विमा नाही. 67 व्या वर्षी, कोणी अवलंबून नसताना, तो लागतही नाही.

आता सर्व्हर. 20 वॅटचं यंत्र वर्षभर चालू ठेवलं तर 175 युनिट, म्हणजे महावितरणला पावणेदोन हजार. 6,500 मधून ते गेले की बचत उरते पावणेपाच हजार. 58,000 वसूल व्हायला बारा वर्षं, आणि तेवढी वर्षं त्या डिस्क टिकणार नाहीत. नातेवाइकांचे वर्षाचे 9,600 हिशेबात धरूच नका. पहिल्या वर्षी दोघं देतील, आणि मावसभावाच्या लग्नाचे फोटो तुमच्या डिस्कवर गेले तर प्रत्येक लग्नात तो विषय निघेल.

दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात म्हणून निर्धास्त होऊ नका. एकीवर चुकून पुसलेलं दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. खरी प्रत दुसऱ्या घरात हवी. हौस म्हणून करायचं तर जरूर करा, शिकायला मिळतं. कपाटातला जुना लॅपटॉप काढा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली टाका. फोटोंसाठी इमिच हे ॲप फुकट आहे, आणि बॅटरी शाबूत असेल तर तोच यूपीएस. बाहेरून जोडायच्या दोन डिस्क घ्या, एक बहिणीकडे नाहीतर सासुरवाडीला ठेवा. वर्षभर हे नीट चाललं तरच गूगलचे पैसे बंद करा. आणि खर्च तुमच्या पगारातून. आईंच्या खात्यातला तो एक लाख त्यांच्या दवाखान्यासाठी आहे.

शाखेत जायला रजा टाकावी लागली तर टाका. पोहोच मिळाली की तिचं स्कॅन करून ठेवा, फोनवरही चालेल.