वाचकांचे प्रश्न : ह्यूस्टनला समुद्र कुठाय?

गेल्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनबद्दल बरीच पत्रं आली, जास्त करून जळगाव-धुळ्याकडच्या आईवडिलांची, कारण पोरं तिकडे शिकायला नाहीतर नोकरीला चाललीयेत. त्यातली चार इथे घेतोय.

चोपड्याहून एक भाऊ विचारतात : मुलगा सांगतो ह्यूस्टन मोठं बंदर आहे, पण नकाशात तर समुद्र शहरापासून लांब दिसतो. मग बंदर कसं?

भाऊ, नकाशा बरोबर आहे आणि मुलगाही बरोबर आहे. खरा समुद्र गॅल्व्हस्टनला, साधारण ८० किलोमीटरवर. १८३६ मध्ये न्यूयॉर्ककडून आलेल्या ॲलन आडनावाच्या दोघा भावांनी बफेलो बायू नावाच्या संथ, गढूळ ओढ्याच्या काठी जमीन घेतली आणि प्लॉट पाडून विकायला काढले, नाव दिलं त्याच वर्षी लढाई जिंकलेल्या सॅम ह्यूस्टन या सेनापतीचं. तेव्हा मोठी जहाजं गॅल्व्हस्टनलाच लागायची आणि श्रीमंतीही तिथेच होती. ८ सप्टेंबर १९०० ला तिथे असं वादळ आलं की कमीत कमी ६ हजार माणसं गेली, अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं कधीच मेली नाहीत. आणि पुढच्याच जानेवारीत टेक्सासमधल्याच ब्युमाँट शहराजवळ स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला. मग ह्यूस्टनवाल्यांनी ठरवलं की बंदर आत, आपल्या दारात आणायचं. निम्मा खर्च आम्ही करतो निम्मा सरकारने करावा असं सांगून त्यांनी कर्जरोख्यांसाठी मतदान घेतलं, ते पास झालं, आणि ओढा अन् खाडी २५ फूट खोल खणून १९१४ मध्ये जहाजांचा रस्ता सुरू झाला. मला या शहराचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. आज परदेशी मालाचं वजन धरलं तर हे अमेरिकेतलं पहिल्या नंबरचं बंदर, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही काठांना पासाडेना, डियर पार्क, बेटाउन अशी रिफायनऱ्यांची आणि केमिकल कारखान्यांची रांगच आहे. घर बघताना मुलाला सांगा, त्या पट्ट्यातल्या हवेची चौकशी आधी कर.

अमळनेरच्या एका कापूस उत्पादकांचा प्रश्न : टेक्सासचा कापूस ऐकून आहोत. ह्यूस्टनचा त्याच्याशी काय संबंध?

तेल यायच्या आधी हे शहर कापसावरच जगलं. बैलगाड्यांनी, नंतर रेल्वेने गाठी इथे यायच्या, बायूतून छोट्या बोटींनी गॅल्व्हस्टनला जायच्या आणि तिथून इंग्लंडला. १८६१ ते १८६५ अमेरिकेचं यादवी युद्ध चाललं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईत भाव आभाळाला भिडले. त्या तेजीत आपल्या खानदेशातही कपाशी वाढली, त्याच दशकात रेल्वे भुसावळला आली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले, हेही विसरू नका आबा. आजही अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस टेक्सासच पिकवतं, पण तो पश्चिमेला लबकच्या बाजूला, ह्यूस्टनपासून फार लांब.

भुसावळहून एक ताई : आम्हाला ४५ डिग्रीची सवय आहे, तिथला उन्हाळा मुलीला जड जाईल का?

आकडा आपल्यापेक्षा कमी, ३५-३७ च्या आसपास. पण हवेत एवढा दमटपणा की घाम वाळतच नाही, त्यामुळे भुसावळची सवय तिथे फारशी कामाला येत नाही. थंडीचे गरम कपडेही द्या, फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे बर्फ पडून लाखो घरांची लाईट गेली होती.

जळगावहून एक ताई : मुलगा ऑगस्टमध्ये जातोय. भाड्याचं घर घेताना काय बघावं?

ताई, आधी पाणी बघा, भाडं नंतर. शहर एकदम सपाट, बायूंचं, म्हणजे अशा संथ ओढ्यांचं जाळं सगळीकडे, आणि कुठे काय बांधायचं याचे झोनिंगचे नियमच नाहीत, एवढ्या मोठ्या अमेरिकन शहरात असं दुसरीकडे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा चार-पाच दिवसांत कित्येक भागांत १ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात ७०० च्या आसपास होतो. पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं पूर अडवायला १९४० च्या दशकात बांधलेली, एरवी कोरडीच असतात, म्हणून त्यांच्या बुडीत क्षेत्रापर्यंत वसाहती उठल्या. हार्वीत धरणं भरली, तर मागच्या बाजूची घरं साठलेल्या पाण्यात बुडाली आणि दरवाजे उघडल्यावर खालच्या बायूकाठचीही गेली. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठची गावं रात्रभर जागी असतात, तसंच ते. फरक एवढाच की तिथल्या कितीतरी लोकांना आपण धरणाच्या पोटात राहतोय हेच माहीत नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

आता कायदा थोडा बरा झालाय. २०२२ पासून टेक्सासमध्ये घरमालकाला लेखी सांगावं लागतं की घर पूररेषेत आहे का आणि गेल्या ५ वर्षांत पाणी शिरलं होतं का. तो कागद मुलाने मागून घ्यावा. तळमजल्याच्या वरचं घर मिळालं तर उत्तम, आणि गाडी कुठे लावणार तेही विचारावं. साध्या भाडेकरू विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, सामानाचा पूर विमा वेगळा मिळतो, पण सरकारी योजनेतला घेतल्यावर सहसा ३० दिवसांनी लागू होतो. वादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे मुलगा ऐन मधोमध पोचतोय, तेव्हा घर पक्कं झालं की त्याच आठवड्यात विमा काढायला सांगा.