पोलर बॉडी दिसते, तरी डुकरिणीच्या अंडपेशी ब्लास्टोसिस्टपर्यंत का जात नाहीत?

कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतल्या अंडपेशी ४४ तास मॅच्युअर (परिपक्व) करून, पोलर बॉडी (परिपक्व होताना अंडपेशी बाहेर टाकते ती छोटी पेशी) बघून निवडल्या, तरी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी तयार झालेले, काही दिवसांचे भ्रूण) फार थोडे मिळतात. मग गुणवत्ता तपासायची कशी, असं तुम्ही विचारलंय.

पोलर बॉडीवरून इतकंच कळतं की केंद्रक मेटाफेज-२ ला, म्हणजे फलनासाठी थांबायच्या टप्प्याला, पोचलं. सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचं पेशीद्रव्य) तयार झालं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तुमचं घोडं बहुधा तिथेच अडलंय. त्यात डुकराची अंडपेशी चरबीच्या थेंबांनी काळीकुट्ट. उंदराच्या अंडपेशीसारखं आत डोकावताच येत नाही.

म्हणून मी निवड सुईपासूनच सुरू करते. ३ ते ६ मिलिमीटरचेच फॉलिकल (अंडाशयातल्या, अंडपेशी असलेल्या द्रवाच्या पिशव्या) सुईने ओढायचे. त्याहून लहान फॉलिकलमधली अंडपेशी पुष्कळदा पूर्ण वाढलेलीच नसते. अंडाशय थर्मासमध्ये ३५ अंशांच्या आसपासच्या सलाईनमधून आणा, बर्फावर अजिबात नको. त्या चरबीपायी या पेशींना थंडी सोसत नाही. आणि माद्या कुठल्या वयाच्या होत्या ते कत्तलखान्यात विचाराच. बहुतेक ठिकाणी सहाएक महिन्यांच्या, वयात न आलेल्या माद्या येतात. व्यालेल्या डुकरिणींच्या अंडपेशी त्यांच्यापेक्षा सरस निघतात. या एका फरकापुढे मायक्रोस्कोपखालची सगळी बारकाई फिकी पडते, असं माझं मत आहे.

डिशमध्ये क्युम्युलसचे (अंडपेशीभोवतीच्या पेशींच्या आवरणाचे) निदान तीन घट्ट थर आणि सगळीकडे एकसारखं गडद सायटोप्लाझम बघा. उघडी पडलेली किंवा डागाळलेली अंडपेशी बाजूला. मॅच्युरेशननंतर क्युम्युलस नीट फुलला का तेही बघा, पण छान फुललेला क्युम्युलस फसवतोसुद्धा.

ब्रिलियंट क्रेसिल ब्लू या निळ्या रंगाबद्दल तुम्ही वाचलं असेलच. वाढत्या अंडपेशीत जी६पीडी हे एन्झाइम जोरात असतं, ते रंग उडवून टाकतं. वाढ पूर्ण झाली की एन्झाइम मंदावतं आणि पेशी निळी राहते. निळ्या ठेवायच्या, बिनरंगी काढायच्या. प्रयोगासाठी गट पाडायचे असतील तर उत्तम. रोजच्या कामात मात्र मी ते वापरत नाही, कारण पेशी तासभर ते दीड तास रंगात आणि इन्क्युबेटरबाहेर हाताळणी, हा व्यवहार मला परवडत नाही.

आतली तयारी जोखायला ग्लुटाथायोन (पेशीतलं एक अँटिऑक्सिडंट) मोजता येतं. ते कमी पडलं तर आत शिरलेल्या शुक्राणूचं डोकं नीट उलगडत नाही आणि नर प्रोन्यूक्लियस (शुक्राणूपासून अंडपेशीत बनणारं केंद्रक) बनत नाही. मॅच्युरेशनच्या माध्यमात सिस्टीन (ग्लुटाथायोनचा कच्चा माल) घालतात ते यासाठीच. माध्यमाचा पगडा किती असतो बघा: २०१७ मध्ये मिसूरी विद्यापीठातल्या गटाने त्यात एफजीएफ२, एलआयएफ आणि आयजीएफ१ हे पेशींना संकेत देणारे प्रथिन-घटक एकत्र घातले आणि जनुकबदल केलेली पिलं मिळण्याचं प्रमाण चौपट झालं.

तुमच्या जागी मी मात्र आधी एक वेगळीच गोष्ट केली असती. प्रत्येक तुकडीतल्या थोड्या अंडपेशी शुक्राणूंशिवाय, विजेच्या झटक्याने सक्रिय करा. त्या ब्लास्टोसिस्टपर्यंत नीट गेल्या आणि आयव्हीएफवाल्या (डिशमध्ये शुक्राणूंशी फलन केलेल्या) अडकल्या, तर अंडपेशींना दोष देऊ नका. वीर्य बघा आणि पॉलीस्पर्मी तपासा. डुकरात एकाच अंडपेशीत अनेक शुक्राणू शिरणं ही नेहमीचीच डोकेदुखी आहे. प्रोन्यूक्लियस मोजायला पेशी स्थिर करून रंगवाव्या लागतील, नाहीतर चरबीआड काही दिसणार नाही. दोन्हीकडे अडकल्या, तर मॅच्युरेशन किंवा कल्चर माध्यम, किंवा मूळ अंडाशय.

ब्लास्टोसिस्ट नुसते मोजूही नका. सातव्या दिवशी होएक्स्टने (केंद्रकं दाखवणाऱ्या रंगाने) रंगवून पेशींची संख्या बघा. वीस-पंचवीस पेशींचा फुगा आणि साठ पेशींचा ब्लास्टोसिस्ट टक्केवारीत सारखेच दिसतात.