स्वादुपिंडाच्या गाठीत ऑक्सिजन कमी असतो, मग पेशंटला घरी ऑक्सिजन लावला तर केमो जास्त लागू पडेल का?

नाही. तुमच्या मामांचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) ९७ आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने देणारं मशीन, भाड्याने आणू नका. माझं सोलापुरात मेडिकल आहे आणि २०२१ मध्ये अशी तीन मशीन मीच भाड्याने फिरवत होतो. म्हणजे हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगतोय.

एवढं लिहून थांबलो असतो. पण हाच प्रश्न आमच्या घरात अजून संपलेला नाही, आणि तो विचारणारे माझे दाजी आहेत.

आमच्या आप्पांना (वडिलांना) २०२२ च्या पावसाळ्यात कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगाला खाज. पंधरा दिवस कुणाच्या तरी सांगण्यावरून झाडपाल्याचं औषध झालं (घरात फार्मासिस्ट असून). मग सीटी स्कॅन केला तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडे कॅन्सरची गाठ, आणि यकृतातही पसरल्याचे ठिपके. म्हणजे ऑपरेशनचा विषयच मिटला. पित्तनलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला, कावीळ उतरली आणि केमो सुरू झाली. जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल, तीन आठवडे दर आठवड्याला, चौथा आठवडा सुट्टी.

दुसरी सायकल चालू असताना दाजींच्या मोबाईलवर तो मेसेज आला. तुम्हालाही आला असेल: कॅन्सर ऑक्सिजनमध्ये जगू शकत नाही, हे शोधणाऱ्या ओटो वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं, डॉक्टर लोक दाबून ठेवतात. वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं हे खरं. पण ते पेशींच्या श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामाला होतं. आणि कॅन्सरबद्दल त्याने दाखवलं ते उलटंच आहे: या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवूनच खातात. ऑक्सिजन बघून मरत बिरत नाहीत. हे मी दाजींना सांगितलं. त्यावर, "तू गोळ्या विकायलाय बे, मला काय शिकवायलाय."

एका संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो तर बाहेरच्या खोलीत मशीन घरघरत होतं. माझंच, दुकानाच्या मागच्या खोलीतलं. अक्काने पोराकडून किल्ली मागून घेतली होती. आप्पा खुर्चीत, नाकात नळी, आणि दाजी बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेले. "बघ, ९७ होता, ९९ झाला."

आता ते ९९ म्हणजे काय ते बघा. शंभर मिली रक्तात सुमारे वीस मिली ऑक्सिजन असतो आणि जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला धरून असतो. ९७ ला हिमोग्लोबिनची गाडी भरलेलीच आहे. वरून पाच लिटरचं मशीन लावलं तर रक्तात विरघळून जास्तीचा जातो तो अर्ध्या मिलीच्या आसपास. गाठीत ऑक्सिजन नाही याचं कारण रक्तात ऑक्सिजन कमी आहे हे नाहीच. तिथे रक्तच पोचत नाही. स्वादुपिंडाची गाठ नुसत्या कॅन्सरच्या पेशींची नसते, तिच्यात चिवट तंतूंचा भरणा असतो, आणि त्यात बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन फार तर मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापर्यंत झिरपतो, त्याच्या पलीकडे उपासमार. २००० साली अमेरिकेत सात पेशंटच्या ऑपरेशनच्या वेळी गाठीत सुई घालून प्रत्यक्ष मोजलं होतं. गाठीत ऑक्सिजनचा दाब ० ते ५.३ मिमी पारा. शेजारच्याच निरोगी स्वादुपिंडात २४ ते ९२. त्याच माणसाचं, त्याच रक्तावरचं.

हे मी आप्पांनाही समजावलं होतं. आप्पांचं आयुष्य डाईंगमध्ये गेलं, चादरीचं सूत रंगवण्यात. लडीला दोरी जास्त आवळून बांधली तर दोरीखाली सूत पांढरंच राहतं, हे ज्याने डाईंग बघितलंय त्याला माहीत असतं. आप्पा ऐकून म्हणाले, "मग हौदात रंग वाढवून काय होतंय? दोरी सोडायला पाहिजे." सातवी पास माणूस. दाजी बीएस्सी आहेत.

दोरी सोडायचे प्रयत्न झालेत, तुमचा खरा प्रश्न बहुतेक तोच आहे. गाठीतल्या त्या भरण्याचा काही भाग विरघळवणारं एक औषध केमोबरोबर देऊन पाहिलं, २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत आयुष्य वाढलं नाही. दुसरी युक्ती जास्त हुशारीची होती: ऑक्सिजन नसेल तिथेच जागं होणारं औषध, इव्होफॉस्फामाइड. शत्रूची कमजोरीच हत्यार करायची. जेमसायटाबिनबरोबर दिल्यावर निम्मे पेशंट ८.७ महिन्यांच्या पुढे जगले, नुसत्या जेमसायटाबिनवर ७.६ महिन्यांच्या. फरक इतका थोडा की तो योगायोग नाही असं म्हणता येईना, आणि २०१५ च्या शेवटी ते बारगळलं. रेडिएशनचं गणित वेगळं. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला जवळजवळ अडीच ते तीन पट डोस लागतो, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. केमोत त्रास दुहेरी. औषध त्याच दाबलेल्या वाहिन्यांतून यायचं, आणि उपाशी पेशी सुस्त पडून राहतात, विभाजनाच्या वेळी मारणारं जेमसायटाबिन त्यांच्या वाटेलाच जात नाही. पेशी ऑक्सिजनची कमतरता कशी ओळखतात या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. तो मेसेज मात्र कुणी पाठवत नाही.

आता मशीनने काय केलं ते ऐका. नळी सात मीटरची. बाथरूमपर्यंत पुरायची, बाहेरच्या ओट्यापर्यंत नाही. आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे, अंगात बळ असलं की सिद्धेश्वराच्या तलावापर्यंत जाऊन यायचे. ते बंद. केमोने प्लेटलेट साठ हजारांवर आलेले, त्यात कोरड्या हवेने नाक सोललं, उशीवर रक्ताचे डाग. आणि लाइट गेली की मशीन पीं करून ओरडायचं. आप्पांना वाटायचं आपला श्वास गेला. सॅच्युरेशन ९७, धाप नाही, काही नाही, पण तो पीं ऐकला की दोन्ही हातांनी खुर्ची धरायचे. एकोणीस दिवस हे चाललं. विसाव्या दिवशी त्यांनी स्वतःच नळी काढून खुंटीवर टांगली आणि ओट्यावर जाऊन बसले. विडी मागितली. मी दिली. कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर त्यासाठी द्या. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरची ऑक्सिजनची जागा खातो, मशीन जेवढं घालत होतं त्यापेक्षा जास्तच नेत असेल. दाजींनी विडीबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, स्वतः ओढतात.

त्या एकोणीस दिवसांत आप्पांचं वजन चार किलो उतरलं. सगळे म्हणत होते कॅन्सर खातोय. मी शौच बघितली तर फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी. याचा अर्थ मला डी.फार्म.ला शिकवलेला आहे: स्वादुपिंडाचा पाचक रस आतड्यात उतरत नाही, तूप-तेल पचत नाही, खाल्लेलं तसंच जातंय. त्यावर पॅन्क्रिॲटिनच्या कॅप्सूल असतात, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. डॉक्टरांनी लिहिल्या नव्हत्या, गर्दीत राहून गेलं असेल. मीही विचारलं नव्हतं. माझ्याच दुकानात, तिसऱ्या फळीवर होत्या. म्हणजे मशीनही माझ्याकडचं आणि कॅप्सूलही माझ्याकडच्या, आणि आधी घरी गेलं ते मशीन. डॉक्टरांना विचारून कॅप्सूल सुरू केल्यावर आठवड्यात पोट फुगणं थांबलं आणि आप्पांनी शेंगाचटणीबरोबर अर्धी भाकरी खाल्ली. दाजी म्हणाले, "पचनाच्या गोळीला एवढे पैसे?"

तुमच्या मामांच्या डॉक्टरांना हे विचारा: त्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील का, दुखणं गोळ्यांनी आवरत नसेल तर पोटामागच्या नसांचा ब्लॉक (इंजेक्शनने नसा बधिर करणं) करता येईल का, हिमोग्लोबिन किती आहे. हिमोग्लोबिन ७ असेल तर त्याचं काय करायचं हा ऑक्सिजनचा खरा प्रश्न आहे, तो ऑक्सिमीटरवर दिसत नाही.

आप्पा पुढच्या मार्चमध्ये गेले. वर्षश्राद्धाला दाजी पंगतीत म्हणाले की मशीन मध्येच काढायला नको होतं. मी वाढत होतो, वाढत राहिलो.

एक राहिलं. हे सगळं सॅच्युरेशन चांगलं असलेल्या पेशंटबद्दल आहे. या कॅन्सरमध्ये पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते, केमोत न्यूमोनियाही होतो. मामांना अचानक धाप लागली, एक पाय सुजला, छातीत दुखलं किंवा आकडा ९० च्या खाली आला, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला न्या. तिथे ऑक्सिजन लावतील, तो लावू द्या.